अकरा किलोमीटर सोडून

आई, तुम्ही गेल्यापासून घरात माणसांची रीघ लागली आहे, आणि जो येतो तो सोफ्यावर टेकून एकच सांगतो, "किती शांत होत्या हो तुमच्या सासूबाई." मी चहाचा ट्रे धरून मान हलवते. शांत! मिरजेच्या मुलींच्या शाळेत उभा जन्म पी.टी. शिकवलेली बाई, जिच्या शिट्टीला शाळेचा शिपाईसुद्धा रांगेत उभा राहायचा, ती शांत? तुमचं इंग्रजी कमी होतं म्हणून लोकांना तुमचं बोलणंच कमी वाटलं. आपल्या दोघींची सकाळ भांडणाशिवाय सुरू होत नसे हे त्यांना कुठून कळणार? चहात साखर किती इथपासून ते मिहिका मराठीत मागेपर्यंत तिला दूध द्यायचं नाही इथपर्यंत. ती बिचारी "आजी, मिल्क प्लीज" म्हणत हात पसरून उभी, आणि तुम्ही पेला धरून कान नसल्यासारख्या उभ्या. शेवटी ती "दूध द्या ना" म्हणाली की तुम्ही माझ्याकडे अशा बघायच्या, जणू पोरगी बोर्डात आली.

आता भांडायला कोणी उरलं नाही. अभिजित भांडत नाही, तो तुमचाच मुलगा आहे हे मला अजून पटलेलं नाही. आपलं एक भांडण मात्र अर्धवट राहिलं आहे, त्या उत्तरेकडच्या रस्त्याचं. ते मला तसंच सोडवत नाही, म्हणून लिहायला बसले आहे.

बाबा गेल्यावर तुम्ही इकडे कॅनडात एडमंटनला आलात तेव्हा मी बेसमेंटच्या खोलीत तुमच्यासाठी देव मांडले होते, टीव्ही लावला होता, गुडघ्यांसाठी तेल आणून ठेवलं होतं. सासूबाई दिवसभर करतील काय याची मला फार काळजी. तुम्ही दुसऱ्या महिन्यात कोपऱ्यावरच्या गराज सेलमधून सायकल घेऊन आलात. सलवारीला पायाशी कपड्यांचा चिमटा लावून तुम्ही ग्रोसरीला जायला लागलात. पहिला बर्फ पडला तेव्हा मला वाटलं, सुटलो. तर तुम्ही अभिजितला खिळ्यांचे टायर आणायला लावलेत. "घोट्याएवढ्या चिखलातून शाळेत गेलेय मी. हा तर स्वच्छ आहे," म्हणालात. उणे वीसमध्ये सासू सायकलवर बाहेर आणि सून गाडीत हीटर लावून तिच्या मागे, असं आमच्या गल्लीनं किती वेळा पाहिलं असेल.

सायकल क्लबवाली ब्रेंडा तुम्हाला अशीच रस्त्यात भेटली. जन्मभर शाळेची बस चालवलेली, तोंडानं फटकळ आणि मनानं सरळ बाई. तुमचं दोघींचं कसं जमलं कोण जाणे, दोन भाषांत मिळून तुम्हाला वीस शब्द सामाईक होते. दर उन्हाळ्यात ती दहा-बारा जणांना घेऊन लांबच्या प्रवासाला जायची. त्या वर्षी पीस रिव्हर गावापासून वर उत्तरेला, अल्बर्टाची हद्द ओलांडून पार फोर्ट सिम्प्सनपर्यंत जायचं होतं. तुम्हाला नेईन म्हणाली, पण एका अटीवर. वाटेत काही झालं तर तुमची भाषा समजणारं घरचं कोणीतरी बरोबर हवं, आणि त्यानं सामानाची व्हॅन चालवायची. अभिजितच्या प्लांटचं शटडाउन होतं, त्या दिवसांत त्याला रजा मिळत नाही. म्हणजे मी. नागपूरहून माझी आई फोनवर ओरडली, "काय करून राहिली तू, वैशाली? सासूला घेऊन जंगलात चालली?" तुम्ही शेजारून सगळं ऐकलं होतं. मग प्रवासाचे दोन आठवडे रोज सकाळी तंबूतून बाहेर आल्याबरोबर मला विचारायचात, "काय करून राहिलीस?"

ज्यांनी तो प्रदेश पाहिला नाही त्यांना मी काय सांगू? खुरट्या काळ्या झाडांचं सपाट जंगल, दिवसच्या दिवस तेच. मधूनच रस्त्याकडेला गुलाबी रानफुलांचा पट्टा, मधूनच रस्ता अडवून बसलेले बायसन. पेट्रोल पंप दिसला तर सणासारखं वाटायचं. अर्ध्यानंतर डांबर संपलं आणि खडी सुरू झाली. मी व्हॅन आणि मागे ट्रेलर घेऊन पुढे जायची, ठरल्या ठिकाणी थांबून पाणी, संत्री, हवेचा पंप मांडून बसायची, आणि डासांची जाळी तोंडावर ओढून रस्त्याकडे डोळे लावायची. आधी धूळ दिसायची, मग शिट्टी ऐकू यायची. अस्वलांसाठी ब्रेंडानं सगळ्यांना घंट्या दिल्या होत्या, तुम्ही मिरजेची शिट्टी गळ्यात घातली होती. मी तुम्हाला आई म्हणते म्हणून सगळ्यांना वाटलं तुमचं नावच आई, आणि तो धिप्पाड निवृत्त पोस्टमन केन लांबूनच ओरडायचा, "हिअर कम्स आई!"

त्या ग्रुपची एक पद्धत होती. संध्याकाळी जेवायला बसलं की ब्रेंडा एकेकाला नाव घेऊन विचारायची, "ऑल ऑफ इट?" ज्यानं त्या दिवसाचा सगळा रस्ता स्वतःच्या पायांनी कापला असेल त्यानं आपली पत्र्याची थाळी चमच्यानं वाजवायची. जो थोडासाही व्हॅनमध्ये बसला असेल त्यानं थाळी खाली ठेवायची. कोणी कोणाला हसत नसे. पण तुम्हाला ही पद्धत इतकी पसंत पडली की ब्रेंडाचा प्रश्न पुरा व्हायच्या आत तुमची थाळी वाजायची. शर्यतीत वळण कापलेल्या पोरीला पुन्हा पहिल्यापासून धावायला लावणाऱ्या बाई तुम्ही. तुम्हाला तुमच्या मनासारखी शाळा मिळाली होती.

तर तो दिवस. त्या दिवशी नेमकी संकष्टी होती. मी म्हटलं, "आई, आज उपास नको. खडीचा रस्ता आहे, देव समजून घेईल."

"देव घेईल ग समजून. माझ्या जिवाला चुकल्यासारखं होईल त्याचं काय?"

मी आपलं काळजीपोटी ब्रेंडाच्या कानावर घातलं, "शी इज फास्टिंग टुडे." झालं. ब्रेंडा हातातला कॉफीचा मग आपटून उठली. माझ्या रस्त्यावर कोणी उपाशी सायकल चालवणार नाही, आज आई व्हॅनमध्ये, विषय संपला. आणि तरातरा तुमच्याकडे आली. तुम्ही गॅसच्या शेगडीपुढे उकिडव्या बसून सगळ्यात मोठ्या पातेल्यात साबुदाण्याची खिचडी परतत होतात. तूप, जिरं, बटाटे, एडमंटनहून कुटून आणलेलं दाण्याचं कूट. ब्रेंडानं वाकून पातेल्यात पाहिलं.

"दिस इज फास्टिंग?"

"येस. नो रोटी, नो राइस," तुम्ही गंभीरपणे सांगितलंत.

तिनं एक चमचा खाल्ला आणि आपली थाळी आणायला गेली. तिच्यामागून सगळे आले. केननं तिसऱ्यांदा घेतली आणि असा उपास आपण रोज करू शकू असं जाहीर केलं. तुमच्या वाट्याला तळाची खरपुडी राहिली. "उपास माझा आणि फराळ गावाला," असं पुटपुटत तुम्ही ती खरवडून खाल्लीत, पण चेहऱ्यावर खुशी मावत नव्हती. तुमच्या हातचं सगळ्यांनी मागून खाल्लं असं इथे आल्यापासून पहिल्यांदाच झालं होतं.

सकाळ सुंदर गेली. तुम्ही पहिल्या थांब्यावर उतरलाच नाहीत, एक पाय टेकून पाणी प्यालात, "गाडी जरा लांब लावत जा, धूर येतो," असं मलाच सुनावलंत आणि गेलात. दुपारी मात्र आभाळ पिवळं पडायला लागलं. सूर्य आमच्या नागपूरच्या संत्र्यासारखा झाला, सरळ त्याच्याकडे बघता येत होतं. मग जळक्या लाकडाचा वास आला. पुढे रस्त्यात आडवा बांबू आणि एक तरुण मुलगी हातात थांबायची पाटी घेऊन उभी. पुढे दोन्ही बाजूंना वणवा होता. मोठ्या गाड्यांना रस्ताखात्याच्या गाडीमागून एका ओळीत नेत होते. सायकलला बंदी.

सगळ्यांनी निमूटपणे सायकली ट्रेलरवर चढवायला घेतल्या. तुम्ही हँडल धरून जागच्या हलला नाहीत.

"वैशाली, तिला विचार, मी गाड्यांच्या मागून मागून येते. तोंडाला ओढणी बांधते."

"आई, आग आहे तिथं."

"तू विचार तर."

मी विचारलं. ती मुलगी तुमच्याकडे बघून फार नम्रपणे म्हणाली की मॅम, मी माझ्या कुत्र्यालासुद्धा तिथून चालत सोडणार नाही. मला भाषांतर करावं लागलं नाही. तुम्ही म्हणालात, "बरं. तिचंही काम आहे ते." केन मदतीला आला त्याला बाजूला सारून तुम्ही स्वतः सायकल ट्रेलरवर चढवलीत. व्हॅनमध्ये बसण्याआधी रस्त्याकडेच्या खांबावरचा किलोमीटरचा आकडा मात्र मोठ्यानं वाचलात, जसा काही मला पाठ करायचा होता.

आई, त्या रस्त्यावर माझे हात स्टिअरिंगवर थरथरत होते हे मी आजवर कोणाला सांगितलं नाही. पुढच्या गाडीचे लाल दिवे सोडले तर काही दिसत नव्हतं. काचेवर राख येऊन बसत होती. कुठे कुठे झाडांचे बुंधे अजून पेटलेले होते. मागे बसलेले सगळे उगाच विनोद करत होते. तुम्ही माझ्या शेजारी, शिट्टी मुठीत, काचेला नाक लावून बाहेर बघत होतात. एकदाच माझ्याकडे वळलात. "दोन्ही हात घट्ट धर. घाई नाही. मी आहे." मैदानावर एखाद्या घाबरलेल्या पोरीला सांगावं तसं. आणि माझे हात खरंच थांबले. यासाठी मी तुम्हाला कधी थँक्यू म्हटलं नाही, आपल्यात ती पद्धतच नव्हती. आज म्हणते.

पलीकडे बाहेर पडलो, तुम्ही उतरलात, दुसरा खांब शोधून काढलात आणि वजाबाकी केलीत. अकरा किलोमीटर. मग सायकलवर बसून तुम्ही कॅम्पपर्यंत अशा काही गेलात की केनला तुम्हाला गाठता आलं नाही.

संध्याकाळी नदीकाठी जेवायला बसलो. ब्रेंडानं उभं राहून सांगितलं की आज कोणाचीच चूक नव्हती, रस्ताच बंद होता, तेव्हा आजचा दिवस सगळ्यांचा पूर्ण धरायचा. "टुडे काउंट्स!" लोक दमले होते, घाबरून गेले होते, त्यांना हे हवंच होतं. सगळ्यांनी थाळ्या बडवायला सुरुवात केली. तुमच्यासमोर थाळी नव्हती, कारण चंद्रोदय व्हायचा होता. ते केनच्या लक्षात आलं. बिचाऱ्यानं मोठ्या प्रेमानं आपली थाळी आणि चमचा तुमच्या हातात दिला.

तुम्ही दोन्ही वस्तू गवतावर ठेवल्यात.

"आई? ऑल ऑफ इट?" ब्रेंडा हसत म्हणाली.

"नो. आय सॅट इन व्हॅन. इलेव्हन किलोमीटर."

"बट आई, एव्हरीबडी सॅट इन द व्हॅन."

"एव्हरीबडी, ओके. मी, नो."

थाळ्यांचा आवाज बंद पडत गेला. मला इतकी लाज वाटली, इतका राग आला तुमचा. मी तुम्हाला मराठीत झापलं, "कशाला सगळ्यांच्या आनंदावर विरजण घालताय? तीच सूट देतेय ना? मग?" ब्रेंडा मात्र तुमच्याकडे बराच वेळ बघत राहिली. "ओके, आई," एवढंच म्हणाली आणि पुढच्याला मिठाई वाढायला लागली. तिच्या आवाजात राग नव्हता, उलटंच काहीतरी होतं. ते मला तेव्हा कळलं नाही.

धुरात चंद्र दिसायचा प्रश्नच नव्हता. तासाभरानं मी रागातच तुमच्यासाठी आमटी-भात गरम केला आणि मनात ठरवूनच आले, की आता यावरूनही वाद होणार. "आई, उगवला असेल धुरामागे. जेवून घ्या."

"हो, वाढ की."

"म्हणजे चंद्राला सूट आणि रस्त्याला नाही?"

"चंद्र उगवायचा तो उगवलाच असणार, मला दिसला नाही म्हणून काय झालं?" तुम्ही भात कालवत म्हणालात. "रस्ता मी केला नाही. ब्रेंडा म्हणाली म्हणून तो केला असा कसा होईल? मीठ दे."

आणि मग खरं भांडण झालं. रस्ता उघडला की मला परत त्या खांबापाशी सोड, असं तुमचं म्हणणं. मी नाही म्हटलं. पुढच्या लोकांचं पाणी माझ्या गाडीत, गाडी मागे नेता येत नव्हती. "तुझंही काम आहे ते," असं तुम्ही मला म्हणाला नाहीत, ते फक्त त्या पाटीवाल्या मुलीसाठी होतं. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत तुम्ही माझ्या हातचं संत्रंसुद्धा घेतलं नाहीत. थेट हवेच्या पंपाशेजारी मांडलेलं उचलून गेलात.

शेवटच्या दिवशी फोर्ट सिम्प्सनच्या अलीकडे नदीवर फेरीबोट होती. तुम्ही मला विचारायला लावलंत की बोटीतला प्रवास कशात धरायचा. पाण्यावर सायकल चालवणारा अजून जन्माला यायचाय, असं ब्रेंडा म्हणाली, तेव्हा कुठे तुम्ही बोटीवर चढलात. गावात शिरताना तुम्ही शिट्टी वाजवत होतात, धुळीनं केस भुरके झाले होते, आणि दारात उभी असलेली पोरं टाळ्या वाजवत होती. मी व्हॅन थांबवून रस्त्याच्या मधोमध उभी राहिले. सासूचा अभिमान वाटणं म्हणजे काय हे मला तिथं कळलं, आणि मी तुम्हाला फक्त "चहा घेणार का?" एवढंच विचारू शकले.

त्यानंतरची वर्षं मी कुठेही गेले की तुमचीच गोष्ट. गणपतीच्या कार्यक्रमात, ऑफिसच्या लंचला, मिहिकाच्या शाळेत. "माझ्या सासूबाईंनी अख्खा रस्ता सायकलवर केला." आणि खोलीत कुठूनतरी तुमचा आवाज यायचाच, "अकरा किलोमीटर सोडून." पाहुण्यांसमोर, कधी स्वयंपाकघरातून, एकदा तर वॉशरूममधून. मी वैतागायची. "आई, कोण मोजायला बसलंय?"

"मी आहे ना."

एखाद्या उन्हाळ्यात जाऊन तेवढा तुकडा करून येऊ, असं आपण दरवर्षी म्हणायचो. मग रोहन झाला, मग माझी नोकरी बदलली, मग तुमचा गुडघा, आणि मागच्या हिवाळ्यात डॉक्टरांनी ते रिपोर्ट समोर ठेवले. हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये तुम्हाला चालवायला ती नर्स यायची, "दॅट्स गुड इनफ, डिअर" म्हणून अर्ध्यातून वळवायला बघायची. तुम्ही तिचा हात सोडवून टोकाच्या भिंतीपर्यंत जायचात, भिंतीला पंजा टेकवायचात आणि मग वळायचात. ज्या दिवशी भिंत गाठता आली नाही त्या दिवशी मला म्हणालात, "आजचं धरू नकोस." मी मान हलवली. पहिल्यांदाच तुमच्याशी वाद घातला नाही.

मागच्या रविवारी मराठी मंडळाच्या हॉलमध्ये तुमची शोकसभा झाली. सेक्रेटरी छान बोलले हो, खूप मनापासून. "ह्या वयात, आजींनी तो नॉर्थचा रूट, गाइज, एंड टु एंड, एव्हरी सिंगल किलोमीटर, सायकलवर कम्प्लीट केला!" हॉलमध्ये सगळे हळहळले, माना डोलल्या. मागच्या रांगेत ब्रेंडा बसली होती, काळ्या ड्रेसमध्ये, ओळखू न येण्याइतकी नीटनेटकी. तिला मराठी कळत नव्हतं, पण "एंड टु एंड" कळलं. तिनं मांडीवरच्या पिशवीतून ती पत्र्याची थाळी काढली, चमचा काढला. तुमच्यासाठी घरून घेऊन आली होती. तिनं चमचा उचलला.

मी उभी राहिले. अभिजितनं माझ्या ओढणीचं टोक धरलं, पण मी उभी राहिले.

"अकरा किलोमीटर सोडून," मी म्हटलं. सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. सेक्रेटरी माइक धरून तसेच थांबले. मग मी ब्रेंडाकडे बघून तिच्या भाषेत सांगितलं, "ऑल बट इलेव्हन."

ब्रेंडाचा हात वरच थांबला. मग तिनं चमचा सावकाश थाळीत ठेवला, थाळी खाली जमिनीवर ठेवली, आणि डोळे पुसत माझ्याकडे बघून मान डोलावली. सूट देणारी तीच होती, पण तुम्हाला तिनं त्या संध्याकाळीच ओळखलं होतं.

मी खाली बसले. अभिजित कानाशी कुजबुजला, "वैशाली, अगं आता कोण मोजायला बसलंय?"

"मी आहे ना," मी म्हटलं.